मनोहर, टँकर रंगवून झाला

तू गेलास त्या दिवशी तुझ्या घरी सगळे रडत होते आणि मी तेवढा चिडलेलो होतो. शीलावहिनींच्या ते लक्षात आलं. अमरावतीच्या तुझ्या त्या पुढच्या खोलीत, पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत त्या माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, कोणावर रागावले?"

"तुमच्या नवऱ्यावर," मी म्हणालो. "टँकर अर्धा सोडून गेला. असं कोणी करते का?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता यांना सावरावं लागणार. पण त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. माझं चिडणं त्या घरात इतक्या वर्षांचं होतं, की त्या दिवशी तेवढंच त्यांना ओळखीचं वाटलं असेल.

टँकर म्हणजे आपण भंगारातून बनवलेलं शेवटचं जहाज. अंतराळात पाणी वाहून नेणारं. दोन हात लांब, पोटात गोल टाक्या, बाहेर तोट्या, उतरायला जाड पाय. कल्पना तुझीच. "शेठ, सगळे जण लढाईचेच जहाज बनवून राहिले. वरच्या लोकाइले पाणी कोण देईन?" असं म्हणून तू एका संध्याकाळी त्याचं चित्र काढलंस. आज तो माझ्या अकोल्याच्या दुकानामागच्या शेडमध्ये उभा आहे. तू गेलास तेव्हा त्याची जोडणी पूर्ण होती, अंगावर करडा प्रायमर होता आणि रंग बाकी होता. रंगावरूनच तर आपलं भांडण होतं. ते न मिटवता तू निघून गेलास. मी चिडणार नाही तर काय करणार?

लोक मला विचारतात, अकोल्यात जुने कूलर घेऊन विकणाऱ्याचं आणि अमरावतीत दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याचं जुळलं कसं. मी सांगतो, त्यानं भाव केला नाही म्हणून. तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा भर उन्हाळा होता, गिऱ्हाइकं अंगावर येत होती आणि तू मागच्या भंगाराच्या ढिगाऱ्यात उकिडवा बसून जळक्या पंपांमधले छोटे पंखे वेचत होतास. ओंजळभर घेऊन आलास. मी तोंडाला आली ती किंमत सांगितली. तू सरळ खिशात हात घातलास.

"थांबा," मी म्हणालो. "भाव नाही करत?"

"कायले? तुमी सांगतला ना."

"मी कितीबी सांगीन! भंगार हाय ते. फेकूनच देणार होतो."

"मंग फुकट देता का?"

"फुकट काहून देऊ?"

"मंग घ्या ना पैसे. भांडून काहून राहिले?"

माझ्याच दुकानात मला असं कोणी गप्प केलं नव्हतं. मी तिवशाच्या बसस्टँडजवळ लोकांचे टेबलफॅन दुरुस्त करत वर आलेला माणूस. भाव करणं म्हणजे माझ्यासाठी माणसाची ओळख करून घेणं. कोण कुठे थांबतो, कोण कुठे खोटं बोलतो, कोणाला आपली वस्तू खरंच हवी आहे, सगळं त्यात कळतं. तुझं काहीच कळलं नाही. तू गेल्यावर मी दिवसभर नोकरांवर ओरडत होतो.

मग एक दिवस तू खोकं घेऊन परत आलास. आत वीतभर जहाज होतं आणि माझ्या पंपांचे ते पंखे त्याच्या शेपटीत इंजिनं होऊन बसले होते. मी धंद्याच्या सवयीनं ते उलटं करून पाहिलं. पोटावर मिशी होती. वाढदिवसाच्या बॅनरचा जाड सनबोर्ड कापून तू जहाजाचे पत्रे केले होतेस आणि कुठल्याशा पुढाऱ्याची हसरी मिशी खालच्या बाजूला राहून गेली होती.

"रंग नाही मारला?"

"बरशनं मारला का रेघा दिसतात. एवढ्याशा जहाजावर बरशची रेघ म्हणजे नांगराचं तास वाटते." तू माझ्या शेडकडे बघितलंस. "तुमच्याकडं कंप्रेसर हाय ना, शेठ?"

म्हणजे तू त्याच्यासाठी आला होतास. एका पैशाचा भाव न करता तू माझा कंप्रेसर घेतलास, रंगाची बंदूक घेतलीस, शेडचा पूर्वेकडचा कोपरा घेतलास आणि माझे सगळे रविवार घेतलेस. त्या दिवसापासून मी तुझा शेठ आणि तू माझा डॉक्टर. लोकांना वाटायचं तू खरंच दातांचा डॉक्टर आहेस. बसमध्ये कोणी तुझ्यापुढे तोंड उघडून दाढ दाखवली, की तू ती नीट बघायचास आणि म्हणायचास, "ही डाक्टरले दाखवा."

तू मला काय काय शिकवलंस ते मी तुझ्यासमोर कधी मोजलं नाही, मोजलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास. प्रत्येक जहाजाच्या आधी तुझा एकच प्रश्न असायचा: "माणूस केवढा?" कागदावर मोहरीएवढा ठिपका काढायचास. हा माणूस. आता दार याच्या उंचीचं, शिडी याच्या पायाच्या मापाची, खिडकी याच्या डोळ्यापाशी. "माणूस ठरला का जहाज आपोआप मोठं होते." मला हे पटायला वेळ लागला. मी एकदा हौसेनं मिक्सरच्या भांड्याखालचं काळं चाक जहाजाच्या पाठीवर चिकटवलं. तू लांब जाऊन एक डोळा मिटलास.

"शेठ, लोकाइले इथं मिक्सर दिसते."

"मंग काय करू?"

"त्याची ओळख मोडा."

तू ते चाक अर्धं कापलंस, उलटं लावलंस, कडेनं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या पट्ट्या बसवल्यास, आणि मिक्सर गेला. तिथे कसलं तरी यंत्र आलं, जे काय करतं ते आपल्याला दोघांनाही माहीत नव्हतं, पण ते चालत असणार याची खात्री होती. या चिकटवाचिकटवीला तू दागिने म्हणायचास. "आज काय करून राहिला, डाक्टर?" "दागिने घालून राहिलो." कोणी ऐकलं असतं तर सोनार समजलं असतं.

कवळीच्या कामातली टोकदार आकडी पट्टीला लावून तू प्लास्टिकवर पत्र्यांचे सांधे कोरायचास. एकदा जोरात ओढायचं नाही, हलक्या हातानं पुन्हा पुन्हा. दातांचं माप घ्यायच्या मसाल्यात एक नळकांडं दाबून साचा करायचास आणि त्यातून हवी तेवढी सारखी इंजिनं काढायचास. फक्त तुझ्याकडे ॲक्रिलिक असायचं ते कवळ्यांचं, त्यामुळे आपल्या पहिल्या मोठ्या जहाजाचं दार उघडलं की आत सगळं हिरड्यांच्या रंगाचं. मी म्हणालो, हे जहाज जांभई देऊन राहिलं. तू इतका हसलास की हातातली आकडी बोटात घुसली.

पण एका गोष्टीत मी तुझा गुरू होतो आणि हे तू चार लोकांत मान्य केलं नाहीस. अंग गुळगुळीत करणं. करडा प्रायमर मारला की बोटाला न लागणाऱ्या खाचा डोळ्यांना दिसतात; मग गाडीवाल्यांची पुट्टी भरायची, पाण्यात बुडवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं घासायचं, पुन्हा प्रायमर. तुला त्याचा कंटाळा. माझं तर पोटच त्याच्यावर. गंजलेला कूलर थंडीत घ्यायचा आणि मार्चमध्ये असा उभा करायचा की गिऱ्हाइकाला त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे.

आणि सौद्यात तर तू निव्वळ आडकाठी होतास. शेंदूरजनाघाटला आपण संत्र्यांचे फुटके क्रेट आणायला गेलो होतो, आठवतं? त्या जाळीचे तुकडे जहाजाच्या सांगाड्याला अगदी पुलाच्या लोखंडासारखे दिसतात. मी व्यापाऱ्याला जवळपास पटवलं होतं. कचरा आहे, नेतो, तुमची जागा मोकळी होईल. तेवढ्यात त्यानं सहज विचारलं, "कायले पायजेत?" आणि तू, सत्यवचनी माणूस, म्हणालास, "अंतराळात जहाज पाठवून राहिलो."

व्यापाऱ्यानं आपल्या दोघांकडे पाहिलं, मग क्रेटकडे पाहिलं आणि लगेच भाव वाढवला.

परत येताना मी वरूडपर्यंत बोललो नाही. मग म्हणालो, "सौद्यात खरं बोलत नसतात, लेका!" तू पिशवीतून त्याच्याकडचीच संत्री काढलीस. व्यापाऱ्यानं तुला ती भेट दिली होती, अंतराळात न्यायला. मला म्हणालास, "खा. फुकटची हायेत."

हे सगळं मी आनंदानं आठवतो. पण पांढऱ्या जहाजाचं मी विसरलेलो नाही, आणि तू गेलास म्हणून विसरीन असंही समजू नको.

ते जहाज मी रंगवलं होतं. सगळं मी. पुट्टी, पेपर, प्रायमर, मग दुधासारखा पांढरा, वर लॅकरचे हात. माझ्या हातून एवढं नितळ काम त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. अमरावतीच्या शाळेच्या हॉलमध्ये हौशी लोकांचं प्रदर्शन होतं, म्हणून जहाज आदल्या दिवशी तुझ्या घरी ठेवून मी अकोल्याला परतलो. सकाळी हॉलमध्ये आलो तर टेबलावर दुसरंच जहाज. चकाकी गेलेली. सांध्यांमधून काळे ओघळ मागे ओढलेले. दारापाशी पांढरा रंग उडून खालचा रुपेरी पत्रा दिसत होता, इंजिनांना काजळी. तू शेजारी उभा राहून एका पोराला समजावत होतास, की आधी रुपेरी मारायचा, त्यावर पांढरा, मग तो आकडीनं हलके हलके खरवडायचा... म्हणजे आत रुपेरी थर देऊन ठेवायला मला सांगितलं होतंस ते याच्यासाठी! माझ्याच हातानं तयारी करून घेतली होतीस.

"डाक्टर, हे काय केलं?"

"वापरलं, शेठ. कोरं जहाज कुठंच गेलेलं नसते. हे आता शनीवरून आलं."

"अंतराळात हवा हाय का?"

"नाही."

"मंग हे ओघळ मागं कोणी ओढले?"

उत्तर नव्हतं तुझ्याकडे. तेवढ्यात लोकांनी घेरलं. सगळे त्या ओघळांचंच कौतुक करत होते, फोटो काढत होते, आणि माझ्या नितळ कामावर एकाचीही नजर थांबली नाही. मी सरळ बडनेऱ्याला जाऊन गाडी पकडली. त्या पावसाळ्यात मी तुझ्याशी बोललो नाही. नंतर तू एक दिवस येऊन कोपऱ्यात बसलास, कामाला लागलास, मी चहा सांगितला, आणि झालं. पण तू विचारलं नव्हतंस, मनोहर. जहाज मळवलंस याचा राग नाही, खरं म्हणजे त्याचाही आहे, पण मोठा राग तू विचारलं नाहीस याचा आहे. पुढे मी कधी विषय काढला की तू म्हणायचास, "बोलू ना कधी निवांत." टँकर रंगवायच्या वेळी बोलू, असं ठरलं होतं. म्हणून तर मी प्रायमरच्या पुढे गेलो नाही.

पुण्यानुमोदन झालं, भन्तेजी गेले, पाहुणे पांगले, आणि वहिनी म्हणाल्या, "या वर्षीच्या प्रदर्शनात यांचं टेबल रिकामं नोको राहू द्या भाऊजी. टँकर तुमीच करा पुरा."

"कसा करू?"

"तुमाले जमते तसा."

बस, एवढंच. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. आता तूही आडवा येणार नाहीस. करतो माझ्या मनासारखा. गडद निळा घेतला. बंदूक स्वच्छ केली, नाकाला फडकं बांधलं आणि असे हात दिले की टाक्यांवर शेडचे पत्रे उलटे दिसायला लागले. तुझी पल्लवी अकोल्यात कॉलेजवर शिकवते ना, ती संध्याकाळी बघायला आली. टँकरभोवती फिरली. माझ्याशी ती अजून लहान असल्यासारखीच बोलते, पण तेव्हा जपून बोलली.

"काका, खूप सुंदर झालंय."

"पण?"

"पण काही नाही."

"सांग ना. मी काय खातो का तुले?"

"बाबाचं नाही वाटत," ती म्हणाली. "शोरूममधून आणल्यासारखं वाटते."

कूलरच्या बाबतीत हे वाक्य ऐकायला मी आयुष्यभर धडपडलो. ती गेल्यावर मी तिथला स्टूल लाथाडला. मग पायाचा अंगठा धरून त्याच स्टुलावर बसलो.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासारखं करून पाहिलं. काळा रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ केला, तोट्यांपासून मागे ओढला, इंजिनांना काजळी फासली. पुसलं तर सगळं निघून जायचं, नाही पुसलं तर म्हैस डबक्यातून उठून आल्यासारखं दिसायचं. तू हे कसं करायचास? मी तुझा हात बघितला होता, रंग बघितला होता, फडकं बघितलं होतं. तू मध्येमध्ये हात थांबवून स्वतःशी पुटपुटायचास, ते मात्र मी कधी ऐकलं नाही, कारण त्या वेळी मी रागानं बाहेर जाऊन उभा असायचो.

सगळं काळं पुसून काढलं आणि बसून राहिलो. शेडमध्ये विकायला आलेला एक जुना कूलर होता. घेताना मी नेहमीसारखा त्याचा भाव पाडला होता. मालक म्हणाला, दोनच उन्हाळे चालला. मी म्हणालो, खोटं बोलू नका. टाकीच्या तोटीखाली बोटभर जाड पांढरा थर आहे, बोअरचं पाणी पाच-सहा उन्हाळे पडल्याशिवाय तो बसत नाही. डाव्या बाजूच्या जाळीवर थर नाही, म्हणजे तिकडची पाण्याची नळी तुंबलेली. बटणावरचा मधला आकडा पुसला गेलाय, म्हणजे घरात कोणाला जोराचा वारा सोसत नाही. मालक माझ्या भावाला तयार झाला. हे मी रोज करतो. वस्तू बघून तिचं सगळं आयुष्य सांगतो आणि त्यावर भाव पाडतो.

मी टँकरकडे पाहिलं. अरे, पाण्याचा टँकर आहे हा. याला काजळी कशाची?

मग मी भराभर कामाला लागलो. निळ्यावर मॅट लॅकरचा हात दिला, स्वतःच्या हातानं चकाकी मारली, आणि तसं करताना तुला दोन शिव्या दिल्या. टँकर पायांवर उन्हात उभा केला. पल्लवीनं आणून दिलेल्या तुझ्या पेटीत सुई नसलेल्या पिचकाऱ्या होत्या, त्यातली एक घेतली. आपल्या बोअरचं पाणी भरलं आणि एकेका तोटीखाली थेंब सोडला. थेंब खाली ओघळला, वाळला, आणि निळ्यावर केसाएवढी पांढरी रेघ राहिली. रंग नाही, खरा खार. मग दुसरा थेंब, तिसरा. मधल्या तोटीला जास्त, कारण चालवणाऱ्याला तीच हाताशी पडते. मागच्या तोटीखाली एकही नाही. ती अडकलेली आहे आणि दुरुस्त करतो करतो म्हणत कोणी केलेली नाही. पायांच्या पंजांभोवती साचलेल्या पाण्याचे गोल. हे करताना मी पुटपुटत होतो, असं आमच्या दुकानातला माणूस सांगतो.

आणि ओघळ सगळे खाली गेले आहेत, मागे नाही. टँकर जमिनीवर उभा असताना भरतात. हवेच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे अजूनही नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी वहिनींनी तो पहिल्यांदा पाहिला. "अगंबाई, धूळ बसली," म्हणत त्यांनी पदरानं टाकी पुसली. डाग गेला नाही. पुन्हा पुसली. पदर त्यांनी तसाच टाकीवर धरून ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी खारं हाय का हो वर?"

"खारं हाय, वहिनी."

दुपारी गर्दी झाली. पोरं आली, मोबाइल आले. तुझ्याच छंदातले लोक वाकून वाकून विचारत होते की हा पांढरा रंग कोणता, कोणत्या कंपनीचा. मी सांगितलं नाही. ते आपलं आहे. मग दर्यापूरकडचं एक म्हातारं जोडपं आलं, नातवाच्या मागे मागे फिरत दमलेलं. त्यांना जहाजाशी काही देणंघेणं नव्हतं. पण बाई टँकरपाशी थांबल्या. तोटीखालच्या डागाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि नवऱ्याला कोपर मारलं.

"पाहा हो, यांच्या इथंबी बोअरचंच पाणी."

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, पाहिलं, मान हलवली. "मंग काय. मधलीच तोटी वापरून राहिले. ती मांगची जाम झाली असन."

मनोहर, त्यांना जहाज कोणत्या ग्रहाचं हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. टँकर बघून त्याचा चालवणारा त्यांना दिसला. मोहरीएवढा तो माणूस मी कुठेही बसवलेला नाही, तरी दिसला. ते दोघं पुढे गेल्यावर मी हॉलच्या बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं आणि आत जाऊन पुन्हा तुझ्या टेबलामागे उभा राहिलो.

तर टँकर मळवला. तू म्हणत होतास ते खरं, असं समजायचं असेल तर समज. तुझ्या पद्धतीनं मळवलेला नाही, एवढं ध्यानात ठेव. पण पांढऱ्या जहाजाच्या वेळी तू मला विचारायला हवं होतंस, यावर मी अजून ठाम आहे. एक फोन करायचा होता. "शेठ, मळवू का?" एवढंच. मी आधी ओरडलो असतो, ते तर तुला माहीतच होतं. ओरडून झाल्यावर मी हो म्हणालो असतो की नाही, ते मात्र मी तुला आजही सांगणार नाही.